रक्त न येणारी हिरडी

संपादकांनी फोनवर सांगितलं, "डॉक्टर, दिवाळी अंक आहे, काहीतरी हलकंफुलकं लिहा." मी म्हटलं, अहो, मी हिरड्यांची डॉक्टर. माझ्याकडे पू आहे, किटण आहे, तोंडाचा वास आहे. यातलं हलकंफुलकं कुठलं देऊ? ते हसले आणि तारीख सांगून मोकळे झाले. तेव्हा फराळाची बशी पुढ्यात घेऊन कोणी हे वाचत असेल, तर त्यांनी आधी चकली संपवून घ्यावी.

कणकवलीत हायवेपासून जरा आत माझा दवाखाना आहे. केस काळे होते तेव्हा सुरू केला. आता केस पांढरे झालेत आणि मी आठवड्यातून तीनच दिवस बसते. पेशंट आत येतो तो पुस्तकातली मराठी बोलत येतो. "मॅडम, मला थोडासा त्रास जाणवत आहे." खुर्ची मागे कलली, दिवा तोंडावर आला, की "आवशी गो!" आणि तिथून पुढे सगळा कारभार मालवणीत. मला ते बरं पडतं. माणूस खरं बोलतो ते आपल्या भाषेत, आणि हिरड्यांच्या बाबतीत तर लोक एरवीही खरं बोलत नाहीत.

खोटं बोलतात असं नाही हो. त्यांना ठाऊकच नसतं. दाताला कीड लागली तर ती बोंब मारते, रात्रभर गावाला जागवते. हिरडी बोंब मारत नाही. दातावर रोज जो बुळबुळीत थर साचतो तो काढला नाही तर घट्ट होतो, त्याचं किटण होतं. किटणाला टेकून हिरडी सुजते, दातापासून सुटते, मध्ये एक खिसा तयार होतो. त्या खिशात घाण, घाणीखाली आणखी किटण, आणि तळाशी दाताला धरून ठेवणारं हाड गुपचूप विरघळत जातं. खाडीकाठचा माड बघा. पाणी मुळातली माती नेत असतं आणि माड वर हिरवागार, नारळसुद्धा धरतो. मग एक दिवस आडवा झाला की लोक म्हणतात, काल तर बरो होतो!

आमच्याकडे बोथट टोकाची एक बारीक सळई असते, तिच्यावर काळ्या पट्ट्या. दात आणि हिरडीच्या मध्ये ती अलगद सोडायची. निरोगी हिरडीत ती जराशी जाऊन थांबते. आजारी हिरडीत पट्ट्या एकामागोमाग बुडत जातात. सगळी विद्या काय ती एवढीच, बाकीचं सगळं हाताचं काम आणि पेशंटशी भांडण.

भांडणाचं म्हणाल तर खारेपाटणचे एक निवृत्त गुरुजी मला अजून आठवतात. त्यांचे खालचे दात मी साफ करून दिले, तर दुसऱ्या दिवशी पहिल्या एस्टीनं हजर. कागदाच्या पुडीत एक पिवळट खडा.

"ह्यो माझो दात. तुमी मोडलात."

"गुरुजी, हा दात नाही. हे किटण. काल राहिलेला तुकडा असेल, चूळ भरताना निघाला."

"पण दातांत फटी पडल्यो! जीब सारखी थंय जाता."

"त्या फटी आधीच होत्या. किटणानं बुजल्या होत्या."

गुरुजींनी विचार केला. "म्हणजे माझे दात किटणान धरून ठेवलेले?"

"तसंच समजा."

"मगे ता परत चिकटवा!"

आता बोला. शेवटी आरसा हातात देऊन हिरडी कशी आवळत जाईल ते समजावलं, तेव्हा कुठे गेले. जाताना पुडी मात्र परत नेली.

असे कितीतरी. एका रिक्षावाल्याच्या हिरडीला सारखी गळवं यायची, त्याला मी रक्त तपासायला पाठवलं तर साखर भलतीच वाढलेली निघाली. तो स्टँडवर सांगत सुटला, "दातवाल्या डॉक्टरणीन माझी साखर काढल्यान!" जसं काही मीच घातली होती.

पण आज लिहायला बसले ती प्रभाबाईसाठी.

प्रभाबाई फोंडाघाटची. भात, काजू, आंब्याची चार कलमं असलेलं शेतकऱ्याचं घर. पंचेचाळिशी ओलांडलेली, आवाज असा खणखणीत की दवाखान्याबाहेर बोलली तरी आतल्या पेशंटनं तोंड मिटावं. ती बुवा होती. आमच्याकडे भजनात पेटीवर बसून जो गातो तो बुवा, आणि बाई असली तरी बुवाच. दोन मंडळं समोरासमोर बसवून डबलबारी लावतात. अभंग होतात, गौळण होते, आणि मग गजरात एकमेकांना असे चिमटे काढतात की मांडव हसून हसून लोळतो. आता बायकांच्या डबलबाऱ्याही जोरात असतात. प्रभाबाईचं मंडळ त्यात नावाजलेलं.

खुर्चीत बसायच्या आधीच तिनं मला बजावलं, "डॉक्टरीणबाय, एकव दात काढूचो नाय. ह्या पयला सांगतंय."

"आधी बघू तर द्या."

"बगा. पण काढूचो नाय. घाट चढून कोल्लापुराक एका डॉक्टराक दाखवलंय. तो म्हणता, वरचे सगळे काढूया नि कवळी बसवूया. मी म्हटलंय, डॉक्टरानु, मगे माझ्या तोंडातसून भजन कोण म्हणतला? कवळी?"

तिचं म्हणणं चूक नव्हतं. वरचे पुढचे दात गेले की 'स' शिट्टी मारतो, 'त' आणि 'द' पसरट होतात. कवळी सवयीची होते, नाही असं नाही, पण डबलबारीत झटपट उत्तर द्यायचं असतं. जीभ अडखळली की समोरचा बुवा सोडत नाही. वर कवळी गजरात निसटली तर मेल्याहून मेल्यासारखं. कार्तिकात तिच्याच गावच्या सप्ताहात खारेपाटणच्या मंडळाबरोबर तिची बारी ठरलेली होती. तिच्या बोलण्यातून मला स्पष्ट समजलं, की दात गेले तर ती बारीला बसणार नाही, आणि त्या बारीला बसली नाही तर पुन्हा कधीच बसणार नाही.

मी तोंड बघितलं. पुढचे दात हलत होते, एक तर जिभेनं ढकलला तरी डुले. हिरड्या मात्र फिकट, काळसर, चामड्यासारख्या घट्ट. लाली नाही, सूज नाही.

"मशेरी लावता?"

"लावतंय तर! दातांसाठीच लावतंय. ती नसती तर हे दात कदीच गेले असते."

"दिवसातून किती वेळा?"

"ता मोजूक खंय बसतंय?"

"हिरडीतून रक्त?"

प्रभाबाई ताठ झाली. "कदीच नाय. रगात म्हणान येणा नाय माझ्या हिरडेतसून."

हीच तर गोम आहे. ज्यांना मशेरी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, सगळं घर खोकायला लागतं, मग ती चुरून बोटानं दातांना आणि हिरड्यांना चोळायची. प्रभाबाईच्या मंडळात बारीला बसण्याआधी सगळ्याजणी मांडवामागे जाऊन मशेरी लावायच्या, एकीची डबी सगळ्यांत फिरायची. तंबाखूनं हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात. आतून हाड सडत असलं तरी वर लाली येत नाही, रक्त येत नाही, दुखणं जाणवत नाही. हिरडीकडे ओरडायला एकच आवाज, तोही दाबून टाकलेला.

सळई सोडली तर पट्ट्या बुडाल्या. हाडाचा एक्स-रे काढला. मग मी सरळ सांगितलं, "पुढचा हा एक दात गेल्यात जमा आहे, तो काढावा लागेल. बाकीचे मी वाचवते. मशेरी बंद झाली तर."

"बाकीचे ऱ्हवतले?"

"राहतील. मी उगाच बोलत नाही."

"पण तो एक काढूक देवचंय नाय."

"ते नंतर बघू. आज उजवी बाजू साफ करते, डावी पुढच्या खेपेला."

भूल देऊन उजवीकडे मुळांपर्यंत सगळं किटण खरवडून काढलं. मशेरी सोडते असं वचन पेशंट मला नेहमी देतात, आणि ते वचन दवाखान्याची पायरी उतरेपर्यंतसुद्धा टिकत नाही. प्रभाबाईनं मला वचन दिलंच नाही. ती थेट गावच्या देवळात गेली आणि गुरवाकडून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान आजपासून मशेरी सोडल्यान हा. तेका बळ दी, नि काय चुकला-माकला आसात तर पदरात घे रे म्हाराजा!" मागून सगळ्या बायकांनी "व्हय म्हाराजा!" केलं. देवासमोर गाऱ्हाणं घालून सोडलेली गोष्ट आमच्याकडे सुटते. मी निर्धास्त झाले.

आणि नेमकी तिथेच माती खाल्ली म्हणा. डाव्या बाजूच्या तारखेला प्रभाबाई आली नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. मला राग आला. फोन लावला तर उचलला शालननं. शालन म्हणजे तिची शेजारीण, मंडळात झांज वाजवणारी, जिभेला हाड नसलेली.

"डॉक्टरीणबाय, तुमी काय केलात आमच्या बुवाक? ब्रश लावल्यान काय रगात! थुकी लालभडक! मशेरी होती तवसर एक थेंब नाय. देवाचा कायतरी चुकला. रविवारी सकाळी कौल लावतंव, देव म्हणात तर मशेरी परत सुरू."

"प्रभाबाईला फोन दे."

"ती बोलणा नाय. भियाली हा."

मी फोन ठेवला आणि डोक्याला हात लावला. तंबाखू सुटली की आवळलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, दबलेली हिरडी जागी होते आणि काही आठवडे भरपूर रक्त येतं. हे मी तिला सांगितलं होतं, पण भूल दिलेल्या माणसाला सांगितलेलं अर्धं भुलीतच जातं. आता ती परत मशेरीकडे वळली तर रक्त थांबणार, सगळ्यांना वाटणार देव पावला, आणि कार्तिकापर्यंत पुढचे दात हातात येणार. मी देव मानते की नाही हा माझा प्रश्न. पण देवाला चुकीचा प्रश्न विचारला जातोय हे मला दिसत होतं, आणि ते बघत घरी बसणं मला जमण्यासारखं नव्हतं.

रविवारी मी फोंडाघाटला गेले. बरोबर हातमोजे, दोन आरसे आणि निर्जंतुक करून वेगवेगळ्या पाकिटांत बंद केलेल्या सळया. देवळाबाहेर आवारात सगळं मंडळ जमलेलं. प्रभाबाई खांबाला टेकून, पदर तोंडावर. बाबलकाका गुरव पाकळ्या भिजवत होते. कौलाची रीत अशी की देवाच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावायच्या आणि प्रश्न घालायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"बाबलकाका, जरा थांबा. कौलाआधी मला दोन तोंडं बघू द्या."

बाबलकाकांनी माझ्याकडे नीट बघितलं. "बगा बाय. देवाक घाई नाय."

प्लास्टिकची खुर्ची उन्हात ओढली. पहिली शालनला बसवली. ती हसतच होती, "माझे बगा नि खूश व्हा. रगात नाय, दुखणा नाय." मी सगळ्यांना जवळ बोलावलं. तिची हिरडी घट्ट, काळसर, कोरडी. बायका म्हणाल्या, बघा कशी बरी आसा! मी सळई सोडली. पहिली पट्टी गेली, दुसरी गेली. हसणं थांबलं. सळई आत गेली ती जवळजवळ दिसेनाशी झाली, आणि रक्ताचा थेंब नाही.

"दुखलं, शालन?"

"नाय. काय केलात?"

मग हातमोजे बदलले, नवी सळई घेतली, प्रभाबाईला बसवलं. डावीकडे, जिथे मी अजून हात लावला नव्हता, तिथे सळई टेकताच भळकन रक्त आलं. बायका मागे सरकल्या. मग उजवीकडे, जिथे साफ केलं होतं. रक्ताचा एक ठिपका, आणि सळई पूर्वी जायची त्याच्या अर्ध्यावर अडली. मी आरसा प्रभाबाईच्या हातात दिला आणि तिचं तिलाच बघू दिलं.

"रक्त कुठून आलं?"

"डावीकडसून."

"तिकडे मी काही केलंय?"

तिनं मान हलवली.

"घरात चोर शिरला होता आणि तुम्ही कुत्र्याला अफू घालून निजवला होता. आता कुत्रा जागा झाला, भुंकायला लागला, तर तुम्ही देवाला विचारायला निघालात, ह्या कुत्र्याला परत अफू घालू काय म्हणून! अगो, रक्त येतंय म्हणजे तुझी हिरडी जिवंत झाली. चोराला मी बाहेर काढते. मग भुंकणं आपोआप थांबेल."

आवाज जरा चढला माझा, देवळात चढू नये तेवढा. बाबलकाका हसले. म्हणाले, "मगे बुवा, देवाक काय इचारूचा ता सांग. देवाक गोल-गोल इचारलेला चलणा नाय."

प्रभाबाई उठली. पदर खाली आला. "मशेरीचा इचारूचा नाय. ती मी देवासमोर सोडलंय, तो सबूद मोडू काय म्हणान परत देवाकच कसा इचारू? डॉक्टरीणबाय तो एक दात काढूक सांगता. तो काढू काय, ता इचारा."

तो दात राहिला तर शेजारच्या दातांचं हाडही घेऊन जाणार होता. डावी पाकळी पडली असती तर मी देवाशी कुठल्या तोंडानं भांडणार होते? बाबलकाकांनी पाकळ्या लावल्या, प्रश्न घातला. आम्ही सगळ्या बघत राहिलो. पाकळी पडेना. ना उजवी, ना डावी. त्यांनी पुन्हा घातला. पाकळ्या चिकटल्या त्या चिकटल्या.

बऱ्याच वेळानं बाबलकाका वळले. "देव बोलणा नाय. कदीकदी तो माणसावरच सोडता."

प्रभाबाई देवाकडे बघत उभी राहिली, मग माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते. "काढा," ती म्हणाली. "पण माका गाता येव्हक व्हया."

ते मी केलं, आणि ते करताना माझ्या हाताला जी मजा आली ती नंतर क्वचितच आली. डावी बाजू साफ केली. पुढच्या हिरड्या उघडून तळाचं किटण काढून टाके घातले. तो दात काढला. मग त्याचं मूळ कापून टाकलं आणि दिसणारा भाग, तिचाच दात, त्याच्याच जागी बसवून शेजारच्या दातांना मागून एका बारीक पट्टीनं बांधून घेतला. बाहेरून बघणाऱ्याला काही कळू नये. तिला आरसा दिला. ती दात बघत नव्हती. तिनं आरसा बाजूला ठेवला आणि दवाखान्यातच अभंगाचा आलाप घेतला. बाहेर बसलेले पेशंट दारात आले. 'स' स्वच्छ होता.

शालनला मी तीनदा-चारदा निरोप पाठवले. ती आली नाही. "माका दुखणा नाय," हेच तिचं उत्तर. तिचे दात एकेक करून गेले, पुढच्या वर्षी कवळी आली, आणि ती झांजेवरून उठून मागे बसायला लागली. तिला मी खुर्चीत बसवून गावासमोर दाखवलं, पण तिला एकटीला घेऊन समजावायला हवं होतं की काय, हे मला अजून वाटतं. सगळेच दात आपल्या हातचे नसतात.

कार्तिकातल्या सप्ताहात दुपारची बारी होती. मी पहिल्या रांगेत. लोक भजन ऐकत होते, मी दात बघत होते. समोर खारेपाटणची बुवा, सुमनबाई, तरणीताठी, तल्लख. तिला खबर लागलेली होती. गजर रंगात आला तसा तिनं टोला हाणला:

"बुवाचे दात गो डिंकान लायले,
हळू गा बाये, पेटीत पडतले!"

मांडव हसला. प्रभाबाईनं पेटी सोडली नाही. तिनं सगळे दात दाखवून आधी झकास हसून घेतलं आणि मग वरच्या पट्टीत उत्तर दिलं:

"पडले तर माझे मी उचलून लावीन,
माझ्या रगताचे ते, माझेच ऱ्हवतीन;
तुज्या हिरडेक रगात नाय गो,
आतला दुखणा तुका कोण सांगीन?"

लोकांनी मांडव एकदम डोक्यावर घेतला. त्या गावात एव्हाना रक्त न येण्याचा अर्थ पोराटोरांनासुद्धा ठाऊक झाला होता. सुमनबाईनंही हसून हात जोडले. मला रडू आलं, आणि ते लपवायच्या भानगडीत मी पडले नाही.

पुढच्या आठवड्यात दवाखान्यात एक बाई आत आली. पुस्तकी मराठीत सुरुवात केली, "मॅडम, मला जरा तपासणी करून घ्यायची होती." चेहरा ओळखीचा वाटला. खुर्ची मागे कलवली, दिवा ओढला, तोंड उघडायला सांगितलं. हिरड्या घट्ट, काळसर, कोरड्या. सुमनबाईच होती.

"काय होतंय तुम्हाला?"

"काय होणा नाय," ती म्हणाली, आणि माझा हात धरला. "रगात येणा नाय. म्हणान भियालंय."